दूषित नळपाणी: घराच्या आणि दुकानाच्या नुकसानीची भरपाई कशी मागावी

सार्वजनिक नळाचं पाणी पिऊन घर आजारी पडलं किंवा धंदा बंद ठेवावा लागला, तर भरपाई मागण्यात संकोच कसला? ती मेहेरबानी नाही. मात्र पुरावा फार लवकर नाहीसा होतो, म्हणून पहिल्याच दिवसापासून कामाला लागा.

१. तारखा पक्क्या करा. ‘पाणी उकळून प्या’ किंवा ‘वापरू नका’ ही सूचना कधी आली आणि कधी उठली, दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. पण आजाराची नोंद सूचनेच्या दिवसापासून सुरू करू नका, त्याआधीचीही लिहा. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये ई. कोलाय जिवाणू पाण्यात शिरले. लोक आजारी पडत होते, तरी पाणीपुरवठा खातं पाणी ठीक असल्याचंच सांगत राहिलं. ७ जण दगावले, २,३०० च्या आसपास आजारी पडले.

२. नमुना घ्या. जिवाणूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली वापरा. ती विसळू नका, कारण आत क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन असतं. बाटली थंड ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. शिशाची शंका असेल तर नळ किमान सहा तास बंद ठेवा आणि मग पाणी वाहू न देता पहिलंच एक लिटर भरा.

शिसं सापडलं की ‘दोष तुमच्या घरातल्या पाइपांचा’ असं उत्तर येऊ शकतं. तेवढ्यावर गप्प बसू नका. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण गंजरोधक प्रक्रिया केली नाही. शिसं पाइपांतूनच सुटलं, पण ते सुटण्याचं कारण पुरवलेलं पाणी होतं.

३. वैद्यकीय कागद. डॉक्टरांना पाण्याबद्दल स्पष्ट सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. जुलाब असतील तर शौचाच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम (दूषित पाण्यातून पोटात जाणारा सूक्ष्म परजीवी) शोधायला मुद्दाम सांगा. नेहमीच्या तपासणीत तो सुटू शकतो. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, त्यामुळे मुलांची तपासणी पुढे ढकलू नका.

४. घरखर्च. बाटलीबंद पाणी, उकळण्याचं इंधन, बदललेले फिल्टर, बुडालेली मजुरी, दवाखान्याच्या फेऱ्या: सगळं एका वहीत, तारखेसह. पावत्या नाहीत म्हणून दावा सोडू नका. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २०१४ मध्ये एल्क नदीत रसायन सांडलं, तेव्हाच्या तडजोडीत पावत्यांशिवायही ठरावीक रक्कम मागता येत होती.

५. धंद्याचं नुकसान. इथे हिशेब जास्त काटेकोर हवा. बर्फाच्या यंत्रातला बर्फ, त्या पाण्यात मळलेलं पीठ, शिजवलेलं अन्न टाकून देण्याआधी फोटो काढा, वजन लिहा. विक्रीचं नुकसान मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून दाखवा. न लागलेल्या कच्च्या मालाचा वाचलेला खर्च स्वतःच वजा करा. तो लपवला तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. बंद काळात नोकरांना दिलेला पगार मात्र वजा करायचा नाही, तो खर्च झालेलाच आहे. धंद्याचा विमा असेल तर विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवा.

६. दावा दाखल करा. लेखी द्या, तारखेची पोच घ्या. सरकारी यंत्रणेला नोटीस देण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या दाव्यापेक्षा कमी असते. वकिलाला पहिला प्रश्न तोच विचारा. जबाबदार कोण, हेही नीट पाहा: पुरवठादार, सरकार, सल्लागार अभियंते, प्रदूषण करणारा कारखाना. शेजाऱ्यांसोबत सामूहिक दावा केला तर तज्ज्ञांचा खर्च वाटला जातो.

७. सही करण्याआधी थांबा. लवकर हाती येणारी छोटी रक्कम घ्या, पण ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही केलीत तर पुढचे हक्क जाऊ शकतात. मुलांच्या बाबतीत तर अजिबात घाई नको, कारण शिशाचे परिणाम पुढे शाळेत दिसू शकतात. फ्लिंटच्या सुमारे ६२.६ कोटी डॉलरच्या तडजोडीत जवळपास ८० टक्के वाटा, त्या काळात अठरा वर्षांखालील असलेल्यांसाठी राखला होता. तुमच्याही दाव्यात प्रत्येक मुलाचं नाव, वय आणि तपासणीचा कागद स्वतंत्र लावा.