मित्र जेवायला आणि सिक्वेल बघायला येणारेत? मग या चुका टाळा

शनिवारी दहा जण जेवायला, जेवण झालं की पार्ट टू, असा प्लॅन ग्रुपवर ठरतो तेव्हा एकदम सोपा वाटतो. मागच्या वेळी माझा पिक्चरचा पहिला अर्धा तास ओट्यापाशी गेला, बाहेरून "अरे हा तर मेला होता ना!" असा आरडाओरडा आणि मी हातात झारा घेऊन विचारतोय कोण मेला होता, कोण. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोजच्या प्रमाणाला सरळ पाचाने गुणणे. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी हे माझं नेहमीचं माप, मग पाच वाट्यांना दहा वाट्या ओतल्या आणि भाताचा लगदा झाला. गंमत अशी की तांदूळ जेवढं पाणी पितो ते तांदळाच्या हिशोबाने वाढतं, पण वाफ होऊन उडून जाणारं पाणी भांड्याचं तोंड केवढं आणि ते किती वेळ गॅसवर आहे यावर ठरतं, ते काही पाचपट होत नाही. झाकण ठेवून मोठ्या पातेल्यात करणार असाल तर पाच वाट्यांना साडेसात-आठ वाट्यांपासून सुरुवात करा. कमी पडलं तर वरून उकळतं पाणी शिंपडता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. झालाच मऊ तर पातेल्यात ढवळत बसू नका, अजून चिकट होतो, परातीत पसरून वाफ जाऊ द्या, बराच सुधारतो.

कांद्याचं पण तेच. दहा कांदे एका कढईत कोंबले की ते पाणी सोडतात आणि त्याच पाण्यात शिजत बसतात, जोवर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि लालसर रंग यायला त्याच्या बराच वर जावं लागतं. दोन कढया घ्या किंवा दोन घाण्यांत परता. पाहुणे यायच्या वेळी "अजून कांदाच होतोय" म्हणण्यापेक्षा कांदा शुक्रवारी रात्रीच परतून फ्रिजात ठेवा, मी आता तेच करतो.

मीठ जास्त झालं तर कुणीतरी हमखास सांगणार, बटाटा टाक. बटाटा फक्त मीठ ओढून घेत नाही, खारट पाणीच पितो, म्हणजे उरलेला रस्सा तेवढाच खारट, फक्त मापाने थोडा कमी. खरा उपाय एकच, बिनमिठाचा माल वाढवणे: पाणी, टोमॅटो, उकडलेलं काहीही. म्हणून आधी पाऊण हिशोबानेच मीठ घाला. खालून लागलं असेल तर पळी तळाला अजिबात लावायची नाही, वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढा, करपलेला वास खरवडण्यानेच सगळीकडे पसरतो.

आता एक गोष्ट जी कुणीच मनावर घेत नाही. जेवण झालं, पिक्चर लावला, भात टेबलावरच. अडीच-तीन तासांनी तो आठवतो. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यातून तयार होणारं एक विष परत गरम केल्यानेही जात नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. प्ले दाबायच्या आधी उरलेलं पसरट डब्यांत काढून फ्रिजात टाका, अख्खं पातेलं ढकललं तर मध्यभाग कितीतरी वेळ गरमच राहतो.

पिक्चरकडे येऊ. पहिला भाग कुणी कुणी पाहिलेला नाही हे दोन दिवस आधी विचारा, त्याच रात्री दोन्ही भाग बघण्याचा उत्साह दाखवू नका, दुसऱ्याच्या निम्म्यात अर्धी मंडळी घोरत असतात. ज्याने पाहिलाय त्याने जेवताना दहा मिनिटांत गोष्ट सांगावी, आणि शक्यतो कमी बोलणाऱ्याने.

बाकी तांत्रिक भानगडी दुपारीच उरकून घ्या. लॉगिन चालतंय का, अ‍ॅप अपडेट मागतंय का, डब भलत्याच भाषेचा तर नाही ना. फोनवरून स्क्रीन मिररिंग केलं की आवाज येतो पण चित्र काळं, असं झालं तर बहुतेक वेळा बिघाड नसतो, कॉपी होऊ नये म्हणून अ‍ॅपनेच अडवलेलं असतं, त्यामुळे अ‍ॅपमधलं कास्टचं बटण वापरा किंवा टीव्हीवरच अ‍ॅप टाका. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी आणि आवाज नंतर होतो, वायर लावा, नाहीतर सेटिंगमध्ये ऑडिओ डिले बघा. स्फोट कानठळ्या आणि संवाद पुटपुट, हे बऱ्याचदा ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरसाठी बनवलेला आवाज टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरमधून काढल्यामुळे होतं, ऑडिओमध्ये स्टिरिओ निवडून बघा, सबटायटल तर लावाच. आणि एवढा मोठा पिक्चर टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर मोशन स्मूदिंग बंद करा, पिक्चर सहसा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने घालतो.

शेवटचं, ऑटोप्ले बंद करा. गेल्या वेळी क्रेडिट्स सुरू झाले तसा मी लाइट लावायला उठलो, तेवढ्यात स्क्रीनवर भलताच ट्रेलर चालू, क्रेडिट्सनंतरचा सीन गेला, आणि रिमोट सापडला तो सोफ्याच्या फटीत, रस्सा लागलेला.