नाशिकमध्ये टेस्टरांचा अभ्यासगट चालवायचा तर

टीममध्ये सॉफ्टवेअर लिहिणारे सहा डेव्हलपर आणि त्यातल्या चुका शोधणारा टेस्टर एकच, हे नाशिकच्या छोट्या कंपन्यांतलं नेहमीचं चित्र. बाकी बरेचजण घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम करतात. अडचण दोघांची सारखीच: आपण काय तपासलं आणि काय सोडलं, हे विचारणारं शेजारी कोणी नसतं. डेव्हलपरच्या कोडचा रिव्ह्यू होतो, टेस्टरच्या विचाराचा क्वचितच. अभ्यासगट काढायचा तो ही उणीव भरायला. त्यामुळे त्यात भाषणं कमी ठेवा. सगळ्यांनी एकच गोष्ट तपासायची आणि मग एकमेकांची उलटतपासणी घ्यायची, हा गाभा.

माणसं चार ते आठ. चारांत एकजण आला नाही की जोड्या बिघडतात, आणि आठांच्या पुढे प्रत्येकाला बोलायला वेळ उरत नाही. कामं वेगवेगळी असतील तर उत्तम: एखादा ऑटोमेशनवाला (आपोआप चालणाऱ्या टेस्ट लिहिणारा), एखादी मोबाइल अ‍ॅपवाली, एखादा अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून देणारा. एक अट मात्र कडक पाळा. गटातल्या कोणाचं अप्रेझल गटातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात नको. साहेब समोर बसले की ‘हे मला कळलं नाही’ असं कोणी म्हणत नाही.

दिवस ठरलेला असावा. उदाहरणार्थ, दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी १० ते १२:३०. ‘सगळ्यांच्या सोयीने ठरवू’ म्हटलं की तिसऱ्या महिन्यात गट संपतो. जागा एखाद्या ऑफिसची मीटिंग रूम किंवा क्लासची खोली. कॉलेज रोडवरच्या कॅफेचा मोह होतो, पण तिथे प्लग मिळत नाहीत आणि चर्चेच्या वेळी ओरडून बोलावं लागतं. मिसळ नंतर खा. सामान थोडंच: दोघांमागे एक लॅपटॉप, दोन एक्स्टेन्शन बोर्ड, एक जुना अँड्रॉइड फोन, आणि ब्रॉडबँडखेरीज मोबाइल हॉटस्पॉट. फोन आणि हॉटस्पॉट फक्त अडीनडीसाठी नाहीत. मंद नेटवर्कवर अ‍ॅप कसं वागतं ते त्यांच्यावरच कळतं. २०२७च्या सिंहस्थाच्या गर्दीत नाशिकचं कुठलंही अ‍ॅप ज्या नेटवर्कवर चालायचं आहे, ते असंच असणार.

तपासायला काय घ्यायचं, हे आदल्या आठवड्यात ठरवा. कोणाच्याही चालू वेबसाइटवर परवानगीशिवाय सुरक्षेचे प्रयोग करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ अंगाशी येऊ शकतं. सरावासाठी मुद्दाम बनवलेली अ‍ॅप्लिकेशन्स आहेत. सुरक्षेसाठी ओवॅस्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं ज्यूस शॉप डॉकरवर (तयार पॅकेजमधून अ‍ॅप चालवणारं सॉफ्टवेअर) आपल्याच मशीनवर चालवता येतं आणि ३००० क्रमांकाच्या पोर्टवर उघडतं. एपीआय, म्हणजे स्क्रीनशिवाय एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची सोय, तपासायला रेस्टफुल बुकर आहे. डॉकरची इमेज, म्हणजे अ‍ॅपचं तयार पॅकेज, घरून डाउनलोड करून आणायची, नाहीतर पहिला तास डाउनलोडची पट्टी बघण्यात जातो.

पहिल्या सेशनला मात्र यातलं काहीच नको. नाव, गाव आणि पिनकोड एवढ्याच तीन रकान्यांचा एक साधा फॉर्म कोणाकडून तरी बनवून घ्या आणि तो मराठीत भरा. एका रकान्यातून किती निघतं ते पाहा.

‘त्र्यंबकेश्वर’ दिसायला पाच अक्षरं. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत त्याचे १३ कोड पॉइंट (क्रमांक) होतात आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३९ बाइट. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट भाषा लांबी १३ सांगते. ओरॅकल डेटाबेसमध्ये रकाना ३० चा ठेवला आणि सेटिंग मूळचंच असेल, तर ती मोजणी बाइटची असते आणि गावाचं नाव मावत नाही. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये तोच ३० चा रकाना कोड पॉइंट मोजतो, तिथे ते सहज बसतं. म्हणजे डेव्हलपरच्या मशीनवर चालणारं क्लायंटकडे आपटतं. हेच नाव एसएमएसमध्ये घाला: इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७० कोड पॉइंट, आणि मेसेज त्यापुढे गेला की प्रत्येक तुकडा ६७ चा.

पुढे पिनकोड. ‘४२२००१’ असा देवनागरीत टाका. जावास्क्रिप्ट याला आकडा मानत नाही, सर्व्हरवरच्या पायथन आणि जावा या भाषा बिनतक्रार मानतात. स्क्रीनवर चूक दाखवली जाते, पण तोच मजकूर थेट एपीआयला पाठवला तर स्वीकारला जातो. असा दुटप्पीपणा सापडला की तिथे आणखी खणायचं.

आणि ‘गोऱ्हे’ हे आडनाव. त्यातला ‘ऱ’ तीन प्रकारे टाइप होतो: एकच कोड पॉइंट म्हणून, र आणि नुक्ता (खालचा टिंब) मिळून, किंवा जुन्या सवयीप्रमाणे र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, शोध घेतला तर एकमेकांना सापडत नाहीत. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत) पहिले दोन एक करतं, तिसरा तसाच राहतो. डेव्हलपर ‘नॉर्मलाइज केलंय’ म्हणाला तरी तिसरा प्रकार टाकून बघायचाच.

अडीच तासांची विभागणी अशी: १५ मिनिटं मांडामांड, ४५ मिनिटं टेस्टिंग, तासभर चर्चा, उरलेला अर्धा तास बग रिपोर्टला, म्हणजे सापडलेली चूक लिहून कळवण्याच्या सरावाला. टेस्टिंग जोडीने करा. एक कीबोर्डवर, दुसरा नोंदी घेणार. २० मिनिटांनी अदलाबदल. नवखा आणि मुरलेला अशी जोडी असेल तर कीबोर्ड आधी नवख्याकडे द्या. उलट केलंत तर तो नुसता बघत बसतो. प्रत्येक जोडीला एका वाक्याचा चार्टर हवा: काय तपासायचं, कशाच्या मदतीने, काय शोधायला. ‘फॉर्म तपासा’ हा चार्टर नव्हे. ‘गावाच्या रकान्यात लांब जोडाक्षरं टाकून मजकूर कुठे तुटतो ते शोधा’ हा आहे.

नोंदींच्या शेवटी वेळेचे तीन भाग अंदाजाने लिहायचे: प्रत्यक्ष टेस्टिंग, बगचा पाठपुरावा, मांडणी (मशीन आणि डेटाची जुळवाजुळव). सेशन-आधारित टेस्टिंगची ही पद्धत जेम्स आणि जॉनथन बाख या भावांनी २००० मध्ये मांडली. मांडणीतच अर्धा वेळ गेला असेल तर खरी अडचण कुठे आहे ते कागदावर दिसतं. ऑफिसमध्ये टेस्ट एन्व्हायर्नमेंट (टेस्टिंगसाठी वेगळी यंत्रणा) मागताना हाच आकडा कामाला येतो.

चर्चेत प्रत्येक जोडीला पाच प्रश्न विचारा. काय केलं? काय मिळालं? काय आडवं आलं? काय राहिलं? आणि तपासताना कसं वाटलं? शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण ‘इथे मला सारखी शंका येत होती’ या उत्तरातूनच पुष्कळदा पुढचा चार्टर निघतो. बगची संख्या मोजू नका, तिची स्पर्धा तर मुळीच नको. लोक स्पेलिंगच्या चुका गोळा करायला लागतात. एकजणच बोलत सुटत असेल तर रंगीत कार्डं वाटा: हिरवं म्हणजे नवा मुद्दा, पिवळं म्हणजे चालू मुद्द्यावर, लाल म्हणजे आत्ताच बोलायला हवं. सूत्रसंचालक कार्डं बघून पाळी देतो, स्वतः वाद घालत नाही. टेस्टरांच्या परिषदांमधून रुळलेली ही रीत सहाजणांच्या टेबलावरही चालते.

बग रिपोर्टसाठी प्रत्येकाने आपला एक जुना रिपोर्ट आणायचा. आधी तो धुऊन घ्या: क्लायंटचं नाव, स्क्रीनशॉटमधली अ‍ॅड्रेस पट्टी, फोन नंबर सगळं काढा. ब्राउझरची हार फाइल (साइटशी झालेल्या देवाणघेवाणीची नोंद) आणूच नका, तिच्यात कुकीज आणि लॉगिनचे टोकन असू शकतात. शेजाऱ्याला फक्त शीर्षक वाचायला द्या आणि काय, कुठे, कधी बिघडतं ते सांगायला लावा. सांगता आलं नाही तर शीर्षक पुन्हा लिहा. ‘सेव्ह होत नाही’ ऐवजी ‘गावाचं नाव ३० बाइटच्या पुढे गेलं की सेव्हवर पांढरी स्क्रीन’. ट्रायेजच्या, म्हणजे कोणता बग आधी सोडवायचा ते ठरवायच्या, मीटिंगमध्ये बरेचदा शीर्षकच तेवढं वाचलं जातं.

गट बिघडतो तो दोन-तीन ठरावीक कारणांनी. कोणीतरी नव्या टूलचा डेमो आणतो आणि पुढचे चार महिने डेमोच होतात. त्यासाठी वर्षात दोन सेशन राखून ठेवा, जास्त नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोकरीच्या जाहिराती भरतात, त्यांना वेगळा ग्रुप काढा. आणि सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. सूत्रसंचालन दर महिन्याला फिरतं ठेवा, पुढच्या वेळचा माणूस सेशन संपायच्या आत ठरवा.

कोणी आयएसटीक्यूबी या टेस्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची फाउंडेशन परीक्षा देत असेल तर गटाचा उपयोग करून घ्यावा. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ बरोबर. परीक्षेची भाषा मातृभाषा नसेल तर २५ टक्के वेळ वाढवून मिळतो. व्याख्या घरी पाठ होतात. सीमामूल्यं (मर्यादेच्या टोकाचे आकडे) आणि डिसिजन टेबल (अटी आणि निकालांचा तक्ता) यांवरचे प्रश्न मात्र एकमेकांसाठी तयार करा आणि चुकीचे तीन पर्याय चुकीचे का आहेत, ते प्रश्न काढणाऱ्याकडूनच वदवून घ्या.