हृदयविकाराच्या जनुकीय संशोधनात घरच्यांची ऑनलाइन नोंदणी करताय? या चुका टाळा

हृदयाचा स्नायू जाड होत जाणारा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी हा आजार साधारण ५०० जणांत एकाला असतो. आई किंवा वडिलांकडे त्याला कारणीभूत असलेला जनुकीय बदल असेल, तर तो प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून संशोधकांना एकटा रुग्ण पुरत नाही, त्याचं सगळं घर लागतं. नोंदणी फसते ती नेमकी इथेच.

घरातला एखादा उत्साही माणूस आपल्याच मोबाइलवरून, आपल्याच ईमेलवर सगळ्यांचे फॉर्म भरून टाकतो. हेतू चांगला, पण प्रत्येक सज्ञान माणसाची संमती त्याने स्वतः वाचून द्यायची असते. शिवाय ईमेल एकच असला की दोघांची माहिती एकाच नावावर चढू शकते. असं झालंच तर नवं खातं उघडत बसू नका, मदत कक्षाला कळवा. कुटुंबासाठी वेगळी लिंक किंवा कोड मिळाला असेल तर सगळ्यांनी तोच वापरावा, नाहीतर सख्खे भाऊ नोंदीत परके ठरतात. कुणी नाही म्हणालं, तर तिथेच थांबा.

दुसरी चूक मला सर्वात जास्त खटकते: ‘मला काही त्रास नाही, माझं काय काम?’ काम आहे. सापडलेला जनुकीय बदल खरंच आजाराचं कारण आहे का, हे ठरवताना तो घरातल्या आजारी माणसांत आहे आणि निरोगी माणसांत नाही, ही तुलना फार मोलाची असते. आणि आज टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणजे बदल नाहीच, असंही नाही; आजार पुढे कधीही दिसू शकतो.

वंशावळ भरताना ‘हार्ट अटॅकने गेले’ एवढंच लिहू नका. वय किती होतं, त्या वेळी काय करत होते, आधी कधी चक्कर आली होती का, हे लिहा. लाँग क्यूटी सिंड्रोम या हृदयाच्या लयीच्या आनुवंशिक आजाराच्या एका प्रकारात पोहताना, तर दुसऱ्यात अचानक वाजलेल्या गजरानेही हृदयाची लय बिघडू शकते, आणि त्यातून आलेली बेशुद्धी फिट वाटू शकते. त्यामुळे पट्टीचा पोहणारा बुडाला, किंवा फिट येते म्हणून कुणाला वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या, हेही सांगण्यासारखं आहे. फॉर्ममध्ये नुसतं ‘अंकल’ असेल तर काका की मामा हे स्पष्ट करा, कारण बदल कोणत्या बाजूने आला ते त्यावरूनच कळतं.

बाकी किरकोळ. लाळेचा नमुना देण्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. ईसीजीचा फोटो उजेडात, चौकटी आणि आकडे दिसतील असा काढा.

संशोधनातून निकाल कळवतीलच असं नाही, आणि कळवला तरी उपचार ठरवण्याआधी तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्यावा लागतो. घरात कुणी धावताना, खेळताना बेशुद्ध पडलं असेल, तर फॉर्म राहू द्या. त्याला आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या.