ग्रंथालयाची यादी ऑनलाइन करा, वाचकाची नोंद नको

‘क’ किंवा ‘ड’ वर्गाच्या (सरकारी वर्गवारीतल्या खालच्या दोन वर्गांतल्या) सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तकांची यादी ऑनलाइन करून देणं हे संगणकाच्या विद्यार्थ्यांसाठी फार चांगलं सेवाकार्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्षाच्या १२० तासांत ते बसतं. पण कोण काय वाचतं, ही ज्याची त्याची खासगी गोष्ट. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक घरी नेणाऱ्याने ग्रंथपालावर विश्वास टाकलेला असतो. तो आपल्या कोडमुळे मोडता कामा नये.

सुरुवात कागदापासून करा. दाखल नोंदवहीतून चारच रकाने उतरवा: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, विषय. देवघेव नोंदवही आणि सभासद अर्ज यांना हात लावू नका, मोबाइलवर त्यांचे फोटोही काढू नका. फोनच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमधून ती पानं विद्यार्थ्याच्या क्लाउड खात्यात जाऊन बसतात. सभासद नोंदणीचा फॉर्म साइटवर ठेवायचा मोह टाळा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकाची पडताळलेली संमती लागते. बालविभागाच्या सभासदांची नोंदणी कागदावरच बरी.

आता शोध. शोधलेला शब्द सर्व्हरकडे पाठवला, तर तो पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे चिकटतो आणि आयपी पत्त्यासह (वाचकाच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकासह) सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदीत, उतरतो. त्यापेक्षा संपूर्ण यादी एका जेसन फाइलमध्ये (माहिती मांडून ठेवणाऱ्या साध्या मजकूर फाइलमध्ये) ठेवा, ती पानाबरोबर एकदाच उतरू द्या आणि शोध ब्राउझरमध्येच चालवा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून एका पुस्तकाला साधारण २०० बाइट धरा. ५,००० पुस्तकांची फाइल १ एमबीच्या आसपास जाते. सर्व्हरवर जीझिप ही फाइल दाबून पाठवायची सोय चालू केली की ती बरीच आक्रसते. वाचकाने काय शोधलं, हे त्याच्या यंत्राबाहेर जातच नाही.

इथे एक खोच आहे. ‘दऱ्या’मधला ऱ एका कोडबिंदूचा (संगणकातल्या एका अक्षर-क्रमांकाचा) असू शकतो, किंवा र आणि त्याखालचा टिंब म्हणजे नुक्ता असे दोन मिळून झालेला. दोन्ही दिसतात सारखेच, पण शोधात जुळत नाहीत. यादी आणि शोधशब्द, दोन्ही एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या जोडलेल्या रूपात आणून मगच ताडून पाहा. पानाची फाइल डबल-क्लिक करून उघडली की ब्राउझर जेसन वाचू देत नाही; चाचणीसाठी पायथॉनचा छोटा सर्व्हर चालवा.

मग गळती तपासा, म्हणजे वाचकाची माहिती बाहेरच्या साइटकडे जाते का ते पाहा. एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, कॅशे बंद करा, पान पुन्हा लोड करा आणि डोमेनचा रकाना ओळीने वाचा. ग्रंथालयाच्या डोमेनखेरीज एकही नाव तिथे दिसता कामा नये. बहुतेक वेळा सापडतात ते गूगल फाँट्स, यूट्यूबची चौकट, नकाशा आणि भेटींचा मोजक. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, गूगल फाँट्समुळे वाचकाचा आयपी पत्ता परस्पर बाहेर गेला म्हणून १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. फाँटची डब्ल्यूओएफएफ-२ (वेबसाठीच्या फाँटचा प्रकार) फाइल आपल्याच फोल्डरमध्ये ठेवा. नोटो सान्स देवनागरीचा परवाना मुक्त आहे. फाइल हलकी करायला फाँटमधली नको असलेली अक्षरं छाटलीत तर ‘क्षितिज’, ‘ज्ञान’, ‘सुऱ्या’ हे शब्द पानावर वाचून पाहा. नकाशा आणि व्हिडिओ यांच्या जागी साधा दुवा पुरतो.

पुढे कोणी चुकून बाहेरची स्क्रिप्ट घातली तरी ती अडावी, म्हणून कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत (पानाने कुठून काय उतरवायचं हे ब्राउझरला सांगणाऱ्या नियमांत) फक्त ‘सेल्फ’ला, म्हणजे आपल्याच साइटला, परवानगी द्या. ती लावताच टॅगमध्ये लिहिलेल्या स्टाइल आणि पानात लिहिलेल्या स्क्रिप्ट बंद पडतात. घाबरू नका: एफ१२ च्याच खिडकीतल्या कन्सोलमध्ये कारण दिसतं. स्टाइल आणि स्क्रिप्ट वेगळ्या फाइलींत हलवल्या की काम होतं. फोटो चढवण्याआधी एक्झिफटूल या प्रोग्रॅमने त्यातली स्थळाची नोंद पुसा.

गिट या कोडचे बदल जपणाऱ्या साधनात पासवर्ड एकदा कमिट (नोंद) झाला की फाइल पुसूनही तो इतिहासात राहतो. पासवर्ड बदलणं हाच उपाय. डोमेन आणि होस्टिंगचं खातं ग्रंथालयाच्या ईमेलवर काढा आणि ओटीपी ग्रंथालयाच्याच मोबाइलवर जाऊ द्या. विद्यार्थ्याच्या नंबरवर ठेवलात तर ती तुकडी बाहेर पडल्यावर नूतनीकरणाच्या दिवशी ग्रंथपालाला आत शिरताच येत नाही.