भगरीची बाधा: ‘नीट शिजवली होती’ म्हणून भागत नाही

उपवासाची भगर खाऊन उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं ही बातमी नवरात्रात आणि महाशिवरात्रीला कुठून ना कुठून येतेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात (ता. लोणार) एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. असं काही घडलं की पहिला संशय आचाऱ्यावर जातो. पण पुष्कळदा गडबड चूल पेटायच्या आधी झालेली असते, नाहीतर चूल विझल्यानंतर.

सुटी भगर आणि तयार पीठ

ओलसर, दमट जागी ठेवलेल्या भगरीवर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं सोडते. शिजवताना बुरशी मरते. तिने आधीच सोडलेलं विष उकळून जाईल याचा मात्र भरवसा नाही. म्हणून ‘चांगली रटरट शिजवली होती’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

पिठाचं आणखी अवघड. ते हवेतली ओल पटकन धरतं, आणि दाणा काळा पडला होता की जाळी धरली होती हे दळल्यावर कुणाला कळणार? उपवासाच्या भाकरीसाठी किराणा दुकानातल्या पोत्यातलं पीठ आणू नका. तारीख आणि बॅच नंबर असलेलं पाकीट घ्या, भगर निवडा, धुवा, कडकडीत वाळवा आणि लागेल तेवढीच दळा. मिक्सरवरही होते.

घरोघरी दिसणारी एक चूक म्हणजे जुन्या भगरीवरच नवी ओतणं. डबा कधी रिकामा होतच नाही, आणि तळाशी मागच्या श्रावणातली भगर तशीच बसलेली असते. एकदा डबा पालथा करून बघा. तळाला चिकटलेले गोळे, कुबट वास, दाण्यांवर करडी झाक दिसली तर सगळी भगर फेका. वरची चांगली दिसते म्हणून तेवढी काढून घेणं ही काटकसर नव्हे. आमटीच्या खवट, सुरकुतलेल्या शेंगदाण्यांनाही हेच लागू; त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही.

पहाटे शिजवून दुपारी पंगत

भंडाऱ्यात भगर पहाटे शिजते आणि कीर्तन संपेपर्यंत झाकून ठेवलेली असते. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि अशा कोमट अन्नात वाढतात. या जिवाणूचे काही प्रकार उलट्या करवणारं विषही तयार करतात, आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा, आणि मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी अन्न कित्येक तास त्याच पट्ट्यात राहतं. घाणे लहान ठेवा, पंगतीच्या तोंडावर शिजवा, दोन तासांत वाढून मोकळे व्हा. संध्याकाळच्या फेरीसाठी पुन्हा नवी शिजवा, भले स्वयंपाकघरातली मंडळी कुरकुरू देत.

त्रास सुरू झाल्यावर

खाल्ल्यापासून किती वेळाने त्रास झाला ते डॉक्टरांना नक्की सांगा. अर्ध्या ते सहा तासांत उलट्या लागल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो; अर्ध्या दिवसानंतर ताप आणि जुलाब सुरू झाले तर जंतूंचा, आणि मग पाणीही तपासायला हवं. थरथर, भोवळ, गुंगी, शौचात रक्त, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर एवढीही वाट पाहू नका.

मिठाचं पाणी पाजून मुद्दाम उलटी काढायला लावू नका. जुलाब बंद करायची गोळी मनाने देऊ नका. ओआरएस घोट घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उपवास मोडेल म्हणून ओआरएस नाकारणारी माणसं आहेत. त्यांना घरच्या पाण्यात मिठाऐवजी तेवढंच सैंधव घालून द्या, पण प्यायला लावा.

आणखी एक चूक घाबरून होते: उरलेलं अन्न ओतून भांडी घासून टाकतात. मग कशाने झालं ते कधीच कळत नाही आणि तोच माल पुढच्या गल्लीत विकला जात राहतो. वाटीभर अन्न स्वच्छ डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, त्यावर ‘खाऊ नये’ लिहा, पाकीट आणि बिल जपा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा.