बँक खरंच 'हिरवी' आहे का?
बँक कागद वाचवते, शाखेत एलईडी दिवे लावते. ठीक आहे, पण खरा धूर निघतो तो तिने दिलेल्या कर्जांतून. म्हणून तिच्या शाश्वतता अहवालात थेट 'स्कोप ३, प्रवर्ग १५' शोधा. कर्ज-गुंतवणुकीमुळे होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन याच रकान्यात मांडतात. तो आकडाच नसेल तर बाकीच्या झाडापानांच्या चित्रांत वेळ घालवू नका. मग कोळशाबाबतचं धोरण बारकाईने वाचा: 'नव्या खाणीला प्रकल्प-कर्ज देणार नाही' म्हणणारी बँक त्याच खाण कंपनीला सर्वसाधारण, म्हणजे कुठल्याही कामाला वापरता येणारं, कर्ज देऊ शकते. पळवाट बहुधा इथेच असते. नेदरलँड्सची ट्रायोडॉस बँक आपण कर्ज कुणाला देतो हे जाहीर करते. तुमच्या बँकेलाही ईमेल करून विचारा, आणि उत्तर लेखी मागा.