कॉन्फिग कॉपी केली की सर्व्हिसला ‘परमिशन डिनाइड’: माझा अनुभव

लिनक्स सर्व्हरवर सुडो लावून (म्हणजे रूट या मुख्य ॲडमिनच्या अधिकाराने) ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये नवं फोल्डर केलं, सीपी या कॉपीच्या कमांडने सर्व्हिसची कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) टाकली, पण सर्व्हिस सुरूच होईना. लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’. रूटचा उमास्क (नव्या फाइल-फोल्डरच्या कोणत्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा आकडा) ०७७ असल्याने फोल्डर ७०० आणि फाइल ६०० बनत होती, म्हणजे मालकाशिवाय इतरांना बंद. परवानगी बदलणाऱ्या सीएचमॉड कमांडने फाइलला ६४४ दिलं, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल असं, उपयोग शून्य. वाट फोल्डरने अडवली होती. मूळ मालकी-परवानगी जपणारं ‘सीपी -पी’ वापरलं, तर त्याने माझ्याच युजरची मालकी सोबत आणली. जाम वैताग आला.

शेवटी इन्स्टॉल कमांडने काम झालं; ती कॉपी करतानाच मालकी आणि परवानगी ठरवते. आधी फोल्डर: ‘सुडो इन्स्टॉल -डी -ओ रूट -जी ॲप -एम ७५०’, पुढे फोल्डरचा पाथ. इथला डी लहान लिपीतला. -डी फोल्डर बनवतो, -ओ मालक, -जी ग्रुप आणि -एम परवानगी ठरवतो; ७५० म्हणजे ग्रुपला आत जाता येतं, इतरांना नाही. ‘ॲप’च्या जागी तुमची सर्व्हिस ज्या ग्रुपखाली चालते तो ग्रुप. मग फाइल: ‘सुडो इन्स्टॉल -ओ रूट -जी ॲप -एम ६४०’, पुढे मूळ फाइल आणि मुक्कामाचा पाथ; ६४० म्हणजे ग्रुपला फक्त वाचता येतं. -एम दिला की उमास्क आड येत नाही. मग ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ द्या, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची मालकी आणि परवानगी ओळीने दिसते. सगळं बरोबर दिसलं की सर्व्हिस रीस्टार्ट करा.

मोठ्या लिपीतला -डी मात्र टाळा: तो फाइल टाकताना वाटेतलं नवं फोल्डर ७५५ने, म्हणजे सगळ्यांना आत जाता येईल असं, बनवतो, -एम फक्त फाइलला लागतो.